जावेच्या नावावर

सोमवार, ४ तारीख

आज मी धडधडीत खोटं बोलले, आणि तेही इतक्या सफाईनं की माझं मलाच नवल वाटलं.

दुपारी दुकानात एका बाईच्या कोटाची फिटिंग चालू होती. माझ्या तोंडात टाचण्या, दोन्ही हात तिच्या बगलेत, आणि नेमका तेव्हाच फोन कोकलायला लागला. काजं करणाऱ्या पोरीला खुणेनं म्हटलं, बघ जरा. तिनं उचलला आणि मला सोयीचं व्हावं म्हणून स्पीकरवर टाकला. अतिशहाणी! "तपासणी केंद्रातून बोलतेय. गेल्या आठवड्यात तुमचे स्तनांचे फोटो काढले होते, त्यातले डाव्या बाजूचे परत काढावे लागतील. सोनोग्राफीही करू. घाबरू नका, बऱ्याच जणींना परत बोलावतात."

सगळ्या मशिनी थांबल्या. शिवणाऱ्या दोघी, काजंवाली, कोटवाली बाई, गल्ल्यावरची मालकीण, झाडून सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी टाचण्या तळहातावर काढल्या आणि म्हटलं, "अगं बाई, हा धाकटीचा फोन! माझ्या जावेनं माझा नंबर देऊन ठेवलाय तिथं." आणि फोन बंद केला.

दिवसभर मी बायकांच्या छातीची मापं मोठमोठ्यानं सांगते. चौतीस, अडतीस, बेचाळीस. त्यात लाज कसली, कापड अंगाला बसायला नको का? पण आज माझ्या छातीचा विषय निघाला आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. का, ते मला अजून कळलेलं नाही. मी काही चोरी केली नव्हती.

धाकटीचंच नाव का आलं तोंडात? कारण तिच्या नावावर खपतं. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, लांब पल्ल्याच्या ट्रकवर असतो, अर्धा महिना बाहेर. आणि हिचं सदा काहीतरी दुखत असतं. आज मान, उद्या टाच. शिंक आली तरी सगळ्या जिन्याला कळतं. त्यामुळे दुकानात कुणालाच शंका आली नाही. मालकीण तिला ओळखते, ती "अरेरे, बिचारी" म्हणाली. मला कुणी बिचारी म्हटलेलं चालत नाही. गेलं ते तिच्या वाट्याला, बरंच झालं.

तपासणीला जाऊन आले एवढं ह्यांना माहीत आहे, पण फोनचं काही बोलले नाही.

गुरुवार, ७

केंद्रात फोन करून उद्याची वेळ घेतली होती, ती आज रद्द केली. घरी पाहुणे येणार आहेत म्हणून सांगितलं. कसले पाहुणे नि कसलं काय. तिथली मुलगी म्हणाली, "मग एकदम एकवीस तारखेचा गुरुवार. तेव्हा मात्र नक्की या हं." म्हटलं, हो हो.

खरं लिहायचं तर माझी छाती होत नाही जायची. पहिल्या वेळी कशी ऐटीत गेले होते! शेजारी बसलेल्या रडव्या बाईला वर धीर देऊन आले. त्यांनी परत बोलावलं नव्हतं तोवर मी शूर. आता आंघोळ करताना डाव्या बाजूला साबण नुसता वरून फिरवते, उगाच हाताला काही लागायला नको.

त्यात आज कहर झाला. मालकिणीनं जावेसाठी सफरचंदं दिली, आणि शिवणाऱ्या पोरींनी मिळून द्राक्षं आणली. "काकूंना सांगा, आम्ही विचारलंय." पिशवी घेऊन निघाले खरी, पण वर जाऊन काय सांगणार? तुला जे झालेलं नाही त्याबद्दल ही फळं? बसथांब्यामागच्या बागेत बाकावर बसले आणि द्राक्षं एकटीनं संपवली. पोट फुगलं तरी खात राहिले. सफरचंदं घरी नेली, स्वस्त मिळाली म्हटलं. ह्यांनी एक कापून अर्धं माझ्यापुढे ठेवलं. मी ते ह्यांच्याच ताटलीत सरकवलं.

रविवार, १०

हे तसे घुमे. लिफ्टच्या दुरुस्तीचं काम, दिवसभर अंधाऱ्या खोबणीत, त्यामुळे बोलायची सवयच गेलीय. पण आज म्हणाले, "तुझं लक्ष कुठे असतं हल्ली? माझ्या शर्टाला बटण आतल्या बाजूनं लावलंस."

"दमते मी," मी म्हटलं.

"काही असलं तर बोल. माझ्याशी नसेल बोलायचं तर धाकटीशी बोल. तिला कळतं अशातलं."

"कशातलं?"

"असंच," म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. मी म्हटलं, तिला सगळ्याच आजारांतलं कळतं, तिचा तो छंदच आहे. एरवी हसतात, आज हसले नाहीत. काही विनोद कळतच नाहीत ह्यांना.

मंगळवार, १२

मेले! मालकीण काल संध्याकाळी धाकटीला भेटायला गेली होती.

आज दुकान उघडता उघडता तिनं सांगितलं. आता ही सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं करणार, असंच वाटलं. पण बाई म्हणते काय, "किती धीराची हो तुमची जाऊ! मी म्हटलं, डाव्या बाजूचे फोटो परत काढायचेत असं कळलं. तर म्हणाली, हो, बोलावलंय खरं. आणि वर मलाच चहा पाजला."

मला काही समजेना. वाटलं, आयती सहानुभूती मिळतेय तर घेतलीन पदरात पाडून. रागच आला. माझं दुखणं आणि हिची मिरवणूक!

पण संध्याकाळी ती स्वतःच खाली आली. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, तुमच्या मालकीणबाईंना कसं कळलं कोण जाणे, पण मला खरंच तपासणीला जायचंय. एकटीनं जायचं जिवावर आलंय. तुम्ही याल?"

म्हणजे मी बोलले आणि तसंच झालं! माझीच जीभ काळी. हसत्या-खेळत्या बाईला मी माझ्या तोंडानं आजार लावला. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. तिच्या डोळ्यांकडे बघवेना, म्हणून तिच्या चपलांकडे बघत "येईन की" म्हटलं.

"कुठला दिवस घेऊ? तुम्हाला कुठला सोयीचा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "एकवीसचा गुरुवार."

"मग तोच घेते," ती म्हणाली. कुठली वेळ मिळते, मिळते की नाही, काही विचारायचं नाव नाही. मला आपलं बरं वाटलं. तिला सोबत करायच्या निमित्तानं माझंही गुपचूप उरकता येईल. बघा, अशाही वेळी मी माझाच हिशेब मांडत होते.

शनिवार, १६

पाप फेडायला म्हणून धाकटीला म्हटलं, तुला पुढून उघडणारा नवा शर्ट शिवून देते, दवाखान्यात बरा पडेल. तर तिनंच मला धडे दिले. "तुम्हीही शर्टच घाला ताई, अंगभर झगा नको. वरचंच तेवढं काढावं लागतं. पावडर, अत्तर काही लावू नका, फोटोत डाग दिसतात. आणि शाल घ्या, त्या खोलीत फार गारठा असतो."

"मी कशाला? मी तर सोबतीला येतेय," मी म्हटलं.

"हो, सोबतीलाच. तरी घ्या."

काय वाचत असते देव जाणे. दवाखान्याच्या खोलीतला गारठासुद्धा हिला पाठ.

माप घ्यायला टेप काढली तर अंगाला हात लावू देईना. "जुन्या शर्टावरून शिवा," म्हणाली. पूर्वी माझ्याकडूनच कपडे शिवून घ्यायची आणि आता लाजते! बरं, म्हटलं. जुना शर्ट दुकानात नेला. उलटा करून बघते तर डाव्या बाजूला आतून कापसाची छोटी गादी शिवलेली, तीही वेड्यावाकड्या टाक्यांनी, हातानं. कसलं गबाळं काम! उजवीकडे नाहीच. मी पोरींना दाखवलं, म्हटलं बघा, शिवण येत नसलं की माणूस काय काय करतं. सगळ्या हसल्या. मी ती गादी उसवली, शिवण सरळ केली, इस्त्री मारली आणि नव्या शर्टाबरोबर तोही परत केला. "तुझा तो गोळा काढून टाकला गं," म्हटलं, "उगाच एकीकडे फुगा येत होता. नीट ताठ उभी राहत जा, म्हणजे असले उद्योग करावे लागणार नाहीत."

तिनं शर्टाच्या आत हात घालून बघितलं. "छान केलंत," म्हणाली. मग म्हणाली, दूध गॅसवर आहे, आणि वर गेली.

गुरुवार, २१

बसमध्ये मी उतरायचा विचार दोनदा केला आणि दोन्ही वेळा धाकटीनं काहीतरी विचारून मला बोलण्यात गुंतवलं. तिनं शाल अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली होती, इतकी काही थंडी नव्हती.

केंद्रात शिरल्यावर मी रस्ता शोधत होते, तोवर ती सरळ डावीकडच्या काचेच्या दारातून आत. खिडकीवरच्या माणसानं यादी बघून माझं नाव घेतलं. फक्त माझं. मी घाईघाईनं धाकटीला म्हटलं, "अगं, मलाही बोलावलंय, तुला सांगायचंच राहिलं."

"असू दे," ती म्हणाली. "पिशवी द्या इकडे. आणि कानातलं काढून ठेवा."

"आणि तुझं?"

"माझं बघू नंतर. आधी तुम्ही जा."

आत फोटो काढणाऱ्या मुलीनं दोन पाट्यांच्या मध्ये धरून असं दाबलं की डोळ्यांत पाणी आलं. मग सोनोग्राफी. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत गप्प. त्या गप्प बसल्या तेवढ्यात मी माझं तेराव्यापर्यंत सगळं मनात करून मोकळी झाले. "गाठ आहे लहानशी," त्या म्हणाल्या. "कसली आहे ते सुई टाकून बघू, आजच." सिस्टर म्हणाली, "सोबत कुणी आहे का? हवं तर बोलवा आत."

मी नको म्हणणार होते. बायकांना मी कपडे काढायला लावते, माझं उघडं अंग कुणी बघितलेलं नाही. पण तोंडून आलं, "बाहेर माझी जाऊ आहे."

धाकटी आत आली आणि काही न विचारता माझ्या उशाशी बसली. सिस्टरनं तिला पाहिलं आणि चेहरा खुलला. "अगं बाई, तुम्ही! तुमची तारीख तर उन्हाळ्यात असते ना? आज यांच्याबरोबर वाटतं?" मग मला म्हणाली, "नशीबवान आहात, सोबत आहे. या एकट्याच आल्या होत्या तेव्हा. सुई टाकताना धरायला कुणी नाही, तर माझाच हात दाबून दाबून लाल केला होता."

धाकटी हसली. "जुन्या गोष्टी कशाला, सिस्टर," म्हणाली, आणि माझा हात हातात घेतला. मी तिच्याकडे बघायचं टाळून छताकडे बघत राहिले. सुई दुखली असेलही, मला आठवत नाही.

परतताना बसथांब्यावर मी शेवटी बोलले. तो फोन माझा होता, दुकानात मी तुझ्यावर ढकललं, तुझ्या नावानं आलेली द्राक्षंसुद्धा मी खाल्ली. सगळं.

"मालकीणबाई आल्या त्याच दिवशी कळलं मला," ती म्हणाली. "डाव्या बाजूचे फोटो परत, इतकं नेमकं खोटं तुम्ही मनानं रचणार नाही. म्हणजे फोन तुमचाच."

"मग तू हो का म्हणालीस?"

"नाही म्हटलं असतं तर तुमचं हसं झालं असतं. आणि तुम्ही तपासणीला गेलाच नसता. माझं काय, माझ्या नावावर खपतं."

माझेच शब्द. मी ते कधी तिच्यासमोर बोलले होते की काय? विचारायचं धाडस झालं नाही. त्याऐवजी विचारलं, "तू कधी आली होतीस इथं?"

"झाली तीन वर्षं. हे गाडीवर होते. मी सांगायला खाली आले होते, ताई. तुम्ही पडदे शिवत होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणालात, आज काय दुखतंय?" ती रागावून बोलत नव्हती, हेच वाईट. "मग मी म्हटलं, मान."

मला यातलं काहीही आठवत नाही. कितीही ताण दिला तरी आठवत नाही. असं मी इतक्या वेळा म्हटलं असणार की त्यातली कुठली वेळ खरी होती ते कळायला मार्ग नाही.

रविवार, २४

उत्तर बुधवारी येणार. ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील. नुसता डोक्यावरून हात फिरवला. दोन दिवस स्वयंपाक तेच करताहेत, मीठ विसरतात.

धाकटी रोज खाली येते, मशिनीपाशी बसते, इकडचं तिकडचं बोलते. मला दुसरं काही सुचतच नाही. साधी असेल का, नसेल का, एवढंच डोक्यात. तिच्याशीही तेच तेच बोलत राहते. ती न कंटाळता ऐकते.

बुधवार, २७

साधी निघाली. साधी! डॉक्टरबाई म्हणाल्या, धोका नाही, सहा महिन्यांनी परत दाखवा. फोन ठेवला आणि आधी वर पळाले, ह्यांना सांगायच्याही आधी.

धाकटी गच्चीला लागून असलेल्या खोलीत कपडे वाळत घालत होती. ऐकलं आणि ओल्या हातांनी मला मिठी मारून भोकाड पसरलं. मीही रडले. मग दोघी हसलो. तिच्या खांद्यावरून माझी नजर दोरीवर गेली. तिचा तो जुना शर्ट उलटा वाळत होता. मी गादी उसवली होती तिथं, डाव्या बाजूला, नवी गादी शिवलेली, तसल्याच वेड्यावाकड्या टाक्यांनी.

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. चाळीस वर्षं बायकांची अंगं मापते मी. आणि सहा दिवस नुसतं माझी माझी करत होते. तिचं काय निघालं होतं, ते मी एकदाही विचारलं नव्हतं.

"तुझी साधी नव्हती," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "नव्हती. पण लवकर सापडली म्हणे. आता बरी आहे."

तेव्हा ती तिच्या बहिणीकडे दीड महिना राहून आली होती. मी त्या वेळी सगळ्यांना सांगत होते, बघा, मजा मारायला गेली. तिकडे तिचं ऑपरेशन झालं होतं, रोज दवाखान्यात किरणांचे शेक घेत होती. दिराला माहीत, ह्यांनाही त्यानं सांगितलं होतं. मला कळू द्यायचं नाही, अशी तिनं दोघांना शपथ घातली होती. "तुम्ही हसला असता असं नाही हो ताई," ती म्हणाली. "पण हसला असता तर मला सोसलं नसतं."

मी तिच्या पाया पडायचीच बाकी होते. म्हटलं, तो शर्ट दे, मी नीट गादी शिवून देते, कुणाला दिसणार नाही अशी. ती नको म्हणाली. मग उरलेले दोन कपडे दोरीवर टाकून म्हणाली, "नव्याला द्या." आणि तीन वर्षांत पहिल्यांदा हात वर करून माझ्यापुढे मापाला उभी राहिली. मी आकडा मोठ्यानं बोलले नाही.

गुरुवार, २८

आज दुकानात मशिनी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना थांबवलं. म्हटलं, त्या दिवशीचा फोन माझा होता. मला लाज वाटली म्हणून जावेचं नाव घेतलं. माझी गाठ साधी निघालीय. तुमची फळं मी खाल्ली.

काजंवाली पोर तोंडावर हात ठेवून बसली. शिवणाऱ्या दोघींतली एक हसायला लागली आणि दुसरीनं तिला कोपरखळी मारली. मालकीण मात्र गंभीर. "म्हणजे मी त्या बाईंकडे जाऊन बसले, त्यांना धीर दिला, सगळ्या रस्त्यावर सांगत फिरले, आणि तुम्ही रोज माझ्यासमोर बसून शिवत होता? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." खरंच होतं, मी ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "जाऊ दे. पण म्हणजे त्यांना बिचाऱ्यांना कधी काही झालंच नव्हतं ना?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. नव्हतं म्हटलं असतं की विषय मिटला असता, आणि माझं नवं खोटं सुरू झालं असतं. होतं म्हटलं असतं तर तिनं तीन वर्षं जपलेलं मी एका सकाळी चारचौघींत मांडलं असतं. तो हक्क माझा नव्हता.

"तिलाच विचारा," मी म्हटलं. "मी तिची जाऊ, एकाच घरातली, पण मी तिला कधी विचारलंच नव्हतं."